सुगीत पोरं उतरतात

माघ लागला की आमच्या रानांना वास सुटतो. वाळत आलेल्या ज्वारीचा वास. गोड म्हणता येत नाही, कडूही म्हणता येत नाही. उन्हात तापलेल्या घोंगडीला येतो त्याच्या जवळपासचा. नातसून म्हणते, "आजी, मला नुसती धूळच जाणवते." जाणवू दे. ती कधी रानात गेलेली नाही. तालुक्याला बँकेत कामाला जाते, ते चांगलंच आहे.

परवा कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर दारावरून गेला. मी ओट्यावर बसले होते. तो वास नाकात शिरला आणि माझा हात आपोआप छातीशी गेला, चोळी ओली झाली की काय ते बघायला. पंचाहत्तरीच्या बाईची चोळी कशानं ओली होणार? पण अंगाला वय कळत नाही, सुगी कळते.

सुगी म्हटलं की शहरातल्या लोकांना हुरडा आठवतो. गाड्या घेऊन येतात, आगटीभोवती बसतात, शेंगदाण्याची चटणी दोनदा मागून घेतात, फोटो काढून जातात. त्यांचं त्यांना. आम्हाला सुगी म्हणजे काम. मंगळवेढ्याच्या बाजूला आमच्या काळ्या रानात ज्वारी विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. ज्वारीचं ताट बुडाशी दोन्ही हातांत धरायचं, टाच जमिनीच्या भेगेत रोवायची, कमरेतून झटका द्यायचा. एक आलं की दुसरं. तळहाताला चिंध्या बांधल्या तरी फोड यायचेच. कणसाची बारीक कूस गळ्यात, पाठीत, कानामागं जाऊन बसायची आणि घाम आला की चावायची. ही तक्रार नाही. ते काम तसंच असतं.

मी अशा सुग्या पुष्कळ काढल्या. आता त्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठल्या साली कणीस भरलं, कुठल्या साली चिकट्याचा रोग पडला, काही सांगता येत नाही. एकच सुगी वेगळी उभी आहे.

बहात्तरचा दुष्काळ होऊन काही वर्षं झाली होती. दुष्काळात आम्ही बायांनी रस्त्यावर खडी फोडली, सरकारनं वाटलेली सुकडी खाल्ली, आणि त्याबद्दल कुणापुढं रडलो नाही. नंतरची वर्षं यथातथाच गेली. त्या वर्षी मात्र परतीचा पाऊस असा मुरला की ज्वारीत बैलावर बसलेला माणूस दिसेना. सगळं गाव एकदम मोठ्यानं बोलायला लागलं. पोट भरणार याची खात्री झाली की माणसाचा आवाज वाढतो, हे मी तेव्हा पाहिलं.

त्याच दिवाळीपासून सोलापूरहून डॉक्टरांची जीप आमच्याकडं यायला लागली. कसली तरी मोठी पाहणी होती. बऱ्याच गावांतून ती चालली होती. पोटुशा बाया, बाळंतिणी आणि तीन वर्षांच्या आतली पोरं. पोरांचं वजन महिन्याच्या महिन्याला करायचं. जीपमधून एक डॉक्टरीणबाई उतरायच्या, सरोजाबाई त्यांचं नाव. सोलापुरातल्या विणकरांच्या घरातल्या. घरी तेलुगू बोलायच्या, आमच्याशी मराठी. वयानं माझ्याएवढ्याच होत्या, पण पायात बूट.

पहिल्याच दिवशी त्यांनी देवळापुढं बायांना गोळा केलं आणि म्हणाल्या, "आमच्या पुस्तकांत जी पोरं आहेत ती परदेशातली. तुमची पोरं जन्मताना किती भरतात, कधी वाढतात, कुठल्या महिन्यात खंगतात, हे पुस्तकात नाही. ते तुमच्याकडंच येऊन शिकायला पाहिजे. ज्यांना नको असेल त्यांनी नको म्हणा, कुणी रागावणार नाही."

त्याआधी आमच्याकडं येऊन काही शिकायचं आहे असं कुणी बोललं नव्हतं. सगळे शिकवायलाच यायचे. मला ते बोलणं आवडलं. पुढं मी जे काही केलं त्याचं कारण ते वाक्य आहे, दुसरं काही नाही.

त्यांना गावातली एक बाई हवी होती, आकडा वाचता येणारी. मी चौथी पास होते. सासरी येऊन इतकी वर्षं झाली होती आणि त्या चौथीचा उपयोग पंचांग बघण्यापलीकडं कुणी करून घेतला नव्हता. मी गेले. शाळेच्या पडवीत वाशाला ताणकाटा टांगायचा, त्याच्या हुकाला शिंप्यानं शिवलेली कापडाची झोळी अडकवायची, पोराला उघडं करून झोळीत घालायचं, काटा ठरला की आकडा मोठ्यानं वाचायचा. डॉक्टरीणबाईंचा माणूस लिहून घ्यायचा. पोरं किंचाळायची, मुतायची, काही झोळीतच झोपून जायची. मला मोठ्यानं वाचायला फार आवडायचं. पार वेशीपर्यंत ऐकू जाईल असं वाचायची मी.

बाया मात्र बायाच. शेजारची हौसाकाकू झोळीकडं बघत म्हणाली, "सुंदरे, पोरं किलोवर इकनार हाईस का काय?"

"तुजं फुकट दिलं तरी कोन न्हेनार न्हाय," मी म्हटलं.

"न्हेलं तरी सांजच्याला आनून सोडत्याल," दुसरी म्हणाली. "लई खातंय त्ये."

दिवाळीत पोरं चांगली होती. माझा धाकटा दत्तू अंगावर पीत होता, तोही टणक होता. माझी धाकटी जाऊ शेवंता, तिची पोर सुली, तर भोपळ्यासारखी. सुलोचना नाव ठेवलं होतं, पण तेवढं कोण म्हणतंय. हसली की गालात डोळे बुडायचे तिचे.

मग थंडी वाढली, ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली, दाणा भरला, पाखरं राखायला माणसं माचाणावर चढली. पोषात काढणी सुरू झाली. बाया पहाटे भाकरी बडवून रानात जायला लागल्या. पहिल्यांदा आपली रानं, मग मजुरीनं बड्या मालकाची. त्या फेरीला मी काटा वाचला आणि आकडा आधीच्यापेक्षा कमी आला. दुसऱ्या पोराचाही कमी. मला वाटलं, काटा बिघडला. डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून लोखंडी वजन काढून लावून बघितलं. काटा बरोबर होता.

सुली सगळ्यांत जास्त उतरली. आधी हगवण लागली. घरात म्हणाले, दात येतायत. मग म्हणाले, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या उतरून झाल्या, जावळ ठेवलं होतं ते देवीपुढं नेऊन काढून झालं. गालातले डोळे वर आले आणि मोठे दिसायला लागले. शेवंता रानातून आली की तिला घ्यायची, पण पोरगी ओढत नव्हती. नुसती छातीवर तोंड ठेवून पडायची.

घरात सत्ता आत्याबाईंची. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. उंच, हाडाची बाई. दुष्काळात खडी फोडताना मुकादमाला हातोडा दाखवणारी. सुगीत लेकी-सुना रानात आणि नातवंडं त्यांच्याजवळ घरी, अशी वाटणी होती. सगळ्या घरांत हीच होती. म्हाताऱ्यांनी पोरं सांभाळायची, रडली तर बोटाला गूळ लावून चाटवायचा, काही घरांत अफूचं बोट. पोर झोपलं म्हणजे सांभाळलं.

माघातल्या फेरीला आत्याबाई स्वतः पोर घेऊन शाळेत आल्या. पोराच्या डोक्याला कुंची, गळ्यापर्यंत गुंडाळलेलं.

"कुंची काढा आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या की. थंडी हाय."

"ऊन पडलंय. आणि कुंचीचंही वजन लागतं त्यात."

त्यांनी स्वतःच नाडी सोडली. आत डोकंभर काळे केस. पोर डॉक्टरीणबाईंकडं बघून खदाखदा हसलं. गोरी, गुबगुबीत.

"गेल्या खेपेला सुलीचं जावळ काढलेलं होतं ना?"

"आलं की परत. आमच्यात केस बिगी येत्यात."

"आणि दात?"

"त्ये बी बिगीच येत्यात."

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी हसले नाही. पोर कुणाचं ते मी झोळीपाशी येतानाच ओळखलं होतं. आमची नणंद गौरा नातेपुत्याहून सुगीला माहेरी आली होती, तिची ती.

"ही सुली न्हाय," मी म्हटलं. "ही गौरावन्संची पोर हाय."

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "सुंदरे, तू कुनाची? घरची का काट्याची?"

"वजन सुलीचं करायचंय, आत्याबाई. नातेपुत्याच्या पोरीचं करून काय उपेग?"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. पोरीला कुंची बांधत त्यांनी एवढंच विचारलं, "सुली बरी आहे?"

"बरी असती तर आनली नसती व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. आणि मग जे पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. "दिवाळीत पोरगी कशी हुती, इचारा हिला. तुमच्या ह्या काट्याला टांगली, हिनं गावभर आकडा वराडला, तवापासनं उतरतीया. येकटी सुली न्हाय. समद्यांचीच पोरं उतरत्यात. ह्यो काटा पोरांतलं वडून घेतोय. म्हून मी न्हाय आनली. आननार बी न्हाय."

बायांनी माना डोलावल्या. कारण जे डोळ्यांना दिसत होतं तेच त्या बोलल्या होत्या. काटा आला, पोरं उतरली. आधी नव्हती उतरत, निदान कुणी मोजलं नव्हतं. लोक म्हणतात खेड्यातल्या बाया अडाणी, म्हणून असलं काहीतरी मानतात. मी म्हणते, त्या पडवीत बसून तुम्ही काय मानलं असतं? एकेक बाई उठली, आपलं पोर झोळीच्या रांगेतून काढून कमरेवर मारलं आणि चालती झाली. हौसाकाकूसुद्धा. झोळी रिकामी लोंबत राहिली.

घरी माझ्याशी कुणी बोलेना. आत्याबाईंनी भाकरी माझ्या ताटात टाकली ती ताटाबाहेर गेली. नवरा म्हणाला, "सोड की त्ये काम." मी म्हटलं, "न्हाय सोडत." तो तसा भांडणारा नव्हता. शेवंता चुलीपाशी येऊन हळूच म्हणाली, "जाऊबाई, सुली जाईल का वो?"

"मला काय म्हाईत," मी म्हटलं.

खोटा धीर द्यायची मला सवय नाही. तेव्हाही नव्हती. पण त्या दिवशी सुलीला मी मांडीवर घेतली होती आणि तिच्या ढुंगणाची कातडी माझ्या बोटांत वेगळी येत होती, रिकाम्या पिशवीसारखी.

मला वाटलं डॉक्टरीणबाई गाव सोडून देतील. दुसरी गावं होतीच की त्यांना. दुसऱ्या दिवशी बघते तर त्या मालकाच्या रानात बांधावर उभ्या. बूट हातात.

"काटा खोटा नाही हे मला माहीत आहे, सुंदराबाई," त्या म्हणाल्या. "पण मग पोरं का उतरतायत, ते मला माहीत नाही. म्हणून आले."

बायांनी त्यांना ताट उपटायला दिलं. त्यांनी झटका दिला, ताट जागच्या जागी आणि त्या मातीत बसल्या. सगळं रान हसलं. त्याही हसल्या, कुसळं काढत. आदल्या दिवशी रांगेतून पोर काढून नेलेल्या बाया त्यांना पाणी द्यायला लागल्या. माणूस पडलेला बघितला की आमचा राग कमी होतो.

दुपारी भाकरी सोडायच्या आधी अंगावर पाजणाऱ्या बाया नेहमीसारख्या बांधाच्या आडाला गेल्या. मीही गेले. पहाटे पाजून निघालेलं, दिवस डोक्यावर आलेला. छाती दगडासारखी व्हायची, चोळी पुढून भिजायची, भिजलेल्या चोळीवर ज्वारीची कूस चिकटायची आणि आतपर्यंत चावायची. आम्ही पाठ करून बसायचो, चोळी सोडायचो आणि दूध मातीत पिळून टाकायचो. काळी माती ते लगेच प्यायची. दर सुगीत करत आलो होतो. आमच्या सासवाही हेच करत आल्या होत्या. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरीणबाई मागून आल्या आणि थबकल्या.

"हे काय करताय?"

"दुकतंय की," शेवंता म्हणाली. "तटलंय."

"पोरं कुठं आहेत?"

"घरी."

"घरी काय पितात?"

शेवंतानं खांदे उडवले. "सांजच्याला जातोच की आमी."

डॉक्टरीणबाई बांधावर खाली बसल्या. त्या ओल्या जागेकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमची आई मागाच्या कांड्या भरायची. भाऊ तिच्याजवळ झोळीत असायचा. रडला की रहाट थांबायचा."

"मालक गप बसायचा व्हय?" मी विचारलं.

"मालक बोंबलायचा. आई ऐकायची नाही."

दिवेलागणीला त्या आमच्या घरी आल्या. आत्याबाई ओसरीवर सुपात तूर निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. डॉक्टरीणबाई आपणच बसल्या.

"आजी, काटा पोरांतलं ओढून घेतो म्हणता."

"म्हंते की."

"सगळ्यांचंच ओढलं?"

"समद्यांचंच."

"एकूण एक?"

आत्याबाईंचं निवडणं चालूच होतं. खडा काढायचा, अंगणात फेकायचा. त्यांना खोटं बोलता येत नसे, हा त्यांचा मोठा दुर्गुण होता. कुंचीतली पोर घेऊन गेल्या तेही त्यांना नीट जमलं नाही ते त्यामुळंच. शेवटी म्हणाल्या, "शिंप्याचं न्हाय उतरलं."

"शिंप्याचं पोर टांगलं नव्हतं का?"

"टांगलं की. पैलं त्येचंच टांगलं. झोळी त्येनं शिवली." पुन्हा एक खडा. "गुरवाचं बी न्हाय उतरलं."

सुपातला हात थांबला. त्या आमच्या कुणाकडं बघत नव्हत्या. सुपाला सांगावं तशा म्हणाल्या, "शिंपीन कुटं जातीया रानात. गुरवीन बी न्हाय जात."

डॉक्टरीणबाई तोंडातून शब्द काढत नव्हत्या. हे त्यांचं मला सगळ्यांत जास्त आवडलं. त्यांना सांगता आलं असतं. दुपारी रानात पाहिलेलं सगळं त्यांच्या ओठावर होतं. पण त्या थांबल्या.

"म्हंजी," आत्याबाई म्हणाल्या, "घरात दानं येत्यात तवाच."

मग उठल्या, आत गेल्या, चहाचं आधण ठेवलं. चहा देताना अट घातली. "पोरगी आनते. पर आकडा बोलायचा न्हाय. आमी खळ्यावर रास मापतो तवा कोन बोलत न्हाय. पैल्या मापाला येक म्हनत न्हाईत, लाभ म्हंत्यात. पुढचं नुसतं हातानं. रास बोलून दावली की उतरती. पोर काय राशीपरीस हलकं हाय व्हय?"

"नाही बोलणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लिहून घेऊ. पहिल्याला लाभ म्हणू."

दोन दिवसांनी आमच्याच खळ्यावर, मळणीचे बैल सोडल्यावर, उफणायच्या उंच तिवईला, वावडीला, काटा टांगला. चप्पल सगळ्यांनी बाहेर काढली, डॉक्टरीणबाईंनीही. सुलीला झोळीत घातली. आत्याबाई म्हणाल्या, "लाभ." मी काट्याकडं बघितलं, बोटानं लिहिणाऱ्याला दाखवलं आणि तोंड मिटून घेतलं. बरंच झालं. तो आकडा मला मोठ्यानं वाचता आला नसता. मागून एकेक बाई आली, हौसाकाकू आली, पोरं झोळीत घातली गेली. कुठं हूं नाही का चूं नाही. बैलांच्या गळ्यातली घाटी तेवढी वाजत होती.

डॉक्टरीणबाईंनी सुलीला तपासलं, औषध दिलं, आणि आत्याबाईंना बाजूला घेऊन सरळ सांगितलं. "आठवड्यानं येते. आणखी उतरलेली असली तर जीपमध्ये घालून सोलापूरच्या दवाखान्यात नेणार. तुम्ही अडवायचं नाही."

"न्हाय अडवनार," आत्याबाई म्हणाल्या. मी त्यांना घाबरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो तेव्हा आत्याबाई दारात उभ्या. एका काखेत सुली, दुसऱ्या हातात पितळेचा डबा. डब्यात ज्वारीच्या कण्या मुगाची डाळ घालून शिजवलेल्या, वर तेलाची धार. खांद्यावर पाळण्यासाठी लुगडं. मालकाच्या रानाच्या कडेला लिंब होता, त्याला त्यांनी लुगड्याची झोळी बांधली. मुकादम धावत आला.

"म्हातारे, ह्ये काय मांडलंईस?"

"पोर हाय. दिसत न्हाय व्हय?"

"बाया पाजाय बसल्यावर काम कोन करनार?"

"तू कर की," आत्याबाई म्हणाल्या. "हात हाईत न्हवं तुला?"

शेवंता ताट टाकून लिंबाखाली आली आणि बसली. पोरीनं आधी तोंड फिरवलं. दूध गालावरून कानात गेलं. आत्याबाईंनी शिव्या घातल्या, पोरीला नाही, शेवंतालाही नाही, कुणाला ते कळलं नाही. मग सुलीनं धरलं. अगदी थोडं. तेवढ्यानं तिला घाम फुटला.

दिवसातून किती वेळा ते मी मोजलं नाही. रडली की शेवंता यायची. मधल्या वेळात आत्याबाई बोटाच्या टोकावर कण्या घेऊन तिच्या ओठांना लावायच्या. ती थुंकायची, त्या पुन्हा लावायच्या. दुसऱ्या दिवशी मी दत्तूला आणलं. तिसऱ्या दिवशी हौसाकाकूची सून आपलं घेऊन आली. बघता बघता लिंबाला झोळ्याच झोळ्या. आत्याबाई मधे बसून सगळ्यांना दम द्यायच्या, एकाच वाडग्यातून भरवायच्या, आणि बाईला हाक मारायच्या ती अशी की अर्ध्या रानाला कळावं कुणाचं पोर भुकेलं आहे. बांधाच्या आडाला जाणं त्या आठवड्यात बंद झालं.

सुली हसत नव्हती. रात्री अंग गरम लागायचं. एक दिवस हगवण थांबली, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागली. शेवंता मला परत काही विचारायला आली नाही. मीही काही सांगायला गेले नाही. पेंढ्या बांधताना आम्ही दोघी शेजारी शेजारी असायचो, तेवढंच.

जीप आली. खळं, वावडी, काटा, झोळी. सुलीला आत्याबाईंनीच आत ठेवली. "लाभ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काटा हलत राहिला, मग ठरला. मी बघितलं. पुन्हा बघितलं, कारण उफणणीची धूळ डोळ्यांत होती. लिहिणाऱ्याला बोट दाखवलं. बोलायचं नव्हतं, म्हणून कुणीच बोललं नाही. शेवंता माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मला काय करावं ते कळेना.

आत्याबाईंना आकडा वाचता येत नव्हता. पण मागच्या खेपेला काटा कुठल्या रेघेवर होता हे त्यांनी ध्यानात धरलं होतं. त्या वाकल्या, नाक काट्याला लागेल इतक्या जवळ गेल्या, आणि खळ्यावर सगळ्यांदेखत बोलल्या, "सरकला. सरकला की वो."

ही अट त्यांनीच घातली होती. कुणी आठवण करून दिली नाही.

फार सरकला नव्हता. पण जीप सुलीला न घेता गेली, आणि त्या सुगीत ती पुन्हा उतरली नाही. पाडव्यापर्यंत गालात डोळे बुडायला लागले.

पुढच्या सुगीला मालकाचा मुकादम बाया ठरवायला आला तेव्हा बोलणी करायला आत्याबाई पुढं. "बाया पायजेत का? मग पोरांसकट. पाजायला उठत्याल. मजुरी कापायची न्हाय." मुकादम म्हणाला, शेजारच्या गावाहून बाया आणतो. तोवर शेजारच्या गावातल्या बायाही हेच बोलायला लागल्या होत्या. मालकाची ज्वारी तर वाळून उभी. तो कबूल झाला. त्याला सावलीसाठी छप्परही घालून द्यावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या सुगीत तुमची पोरं मागच्यासारखी उतरली नाहीत." आता हे वाक्य आकड्यात कसं म्हणतात ते मला ठाऊक नाही. पण मी काटा वाचत होते आणि मला ते दिसत होतं.

पाहणी संपली. पुढं कधीतरी त्या भेटायला आल्या आणि म्हणाल्या, सगळं छापून आलं, परदेशातल्या डॉक्टरांनीही वाचलं. घरात दाणे येतात त्याच दिवसांत लहान पोरं का खंगतात, हे त्यात लिहिलं आहे.

"गावाचं नाव हाय का त्यात?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही आजी. गावाचं, माणसांचं नाव घालत नाहीत. कुणाच्या घरातलं कुणाला कळू नये म्हणून."

"मग कुनाला कळनार आमची पोरं हुती म्हून?"

आत्याबाई दोन दिवस फुगून होत्या. मला कारण पटलं, पण रागही आला. दोन्ही एकदम होऊ शकतं.

मी फुशारकी मारत नाही. दुसरी गावं होती, तिथंही पोरांची वजनं झाली असतील, तिथल्या बायांनीही काही सांगितलं असेल. पण ज्या गोष्टीला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दृष्ट म्हणत होतो, दात म्हणत होतो, ती आमच्या गावानं बघून ओळखली. आमच्या पोरांच्या अंगावरून ती कळली. काट्याला घाबरूनसुद्धा आम्ही परत काट्यापाशी गेलो. एवढं मोठं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही, आणि मी पुष्कळ कामं केली आहेत.

गेल्या आठवड्यात एक कोवळी नर्स घरोघर फिरत आमच्या ओट्यापाशी आली. कागदावरचं वाचून दाखवावं तसं बोलायला लागली. "आजी, सुगीचे दिवस आहेत, सुनांना सांगा, लेकरू घरी ठेवून जाऊ नका, बरोबर न्या, कामाच्या मधे पाजा, सहा महिन्यांच्या वरचं असलं तर मऊ शिजवून चारा."

मी सगळं ऐकून घेतलं. "तुला कुनी शिकवलं गं ह्ये?"

"ट्रेनिंगमध्ये होतं."

"आनि ट्रेनिंगवाल्यांना?"

"ते नाही माहीत, आजी."

सुली माहेरी आली होती. पन्नाशीची आहे आता, दोन नातवंडांची आजी. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला शेंगा फोडत बसली होती, ढीग पुढं, टरफलं मांडीवर.

"हिच्याकडनं आलं त्ये," मी नर्सला म्हटलं. "बस. पानी पी, आनि हिला नीट बघून घे."